फाइल पोचली, नौका पोचली का?

१८१२ साली ब्रिटिश आरमाराने मुंबईच्या गोदीला एक फ्रिगेट बांधायला सांगितली आणि तिचे नकाशे ‘जावा’ या युद्धनौकेतून हिंदुस्थानाकडे रवाना केले. डिसेंबरच्या अखेरीस ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ अमेरिकेच्या ‘कॉन्स्टिट्यूशन’ने ‘जावा’चा पाडाव केला, नंतर ती जाळून टाकण्यात आली आणि नकाशेही तिच्याबरोबर गेले. दुसरी प्रत इंग्लंडहून येईपर्यंत काम खोळंबले. अखेर १८१६ मध्ये वाडिया घराण्यातल्या जमशेटजी बोमनजींच्या देखरेखीखाली बांधणीला हात लागला आणि १२ ऑक्टोबर १८१७ रोजी सागवानी ‘ट्रिंकोमाली’ पाण्यात उतरली. ती आजही इंग्लंडात हार्टलपूलला तरंगते आहे. यातला लढाईचा भाग रंजक असला तरी आपल्या कामाचा भाग वेगळा आहे. ‘ट्रिंकोमाली’ ज्या ‘लीडा’ वर्गातली, त्या वर्गाचा आकार मुळात इंग्रजी नव्हताच. १७८२ साली पकडलेल्या ‘हेबे’ या फ्रेंच फ्रिगेटवरून तो उतरवून घेतलेला होता. म्हणजे फ्रान्समध्ये बांधलेला आकार मापे घेऊन इंग्रजी कागदावर आला, कागदाची नक्कल झाली, नक्कल समुद्रमार्गे मुंबईला आली, त्या काळच्या रिवाजाप्रमाणे लॉफ्टच्या जमिनीवर पूर्ण मापात पुन्हा काढली गेली आणि मग सागात उतरली. प्रत्येक टप्प्यावर कोणीतरी तो आकार नव्याने काढत होते. आपण नव्याने काढतो आहोत हे त्या माणसाला ठाऊक होते, आणि रेषा कुठे बिघडली तर जाब कोणाला विचारायचा हेही सर्वांना ठाऊक होते.

आज तोच प्रवास ईमेलच्या जोडपत्रातून काही क्षणांत होतो. नेदरलँड्समधल्या किंवा ऑस्ट्रेलियातल्या डिझायनरने काढलेला हल कोकणातल्या किंवा गोव्यातल्या यार्डाला मिळतो, यार्ड तो आपल्या प्रोग्रॅममध्ये उघडते, पडद्यावर बोट दिसते आणि काम पुढे सरकते. बोट दिसली म्हणजे बोट आली, असे इथे निमूटपणे धरले जाते. पुढच्या सगळ्या प्रकरणांचा रोख या गृहीतकावर आहे. माझे म्हणणे असे की एका कॅड प्रोग्रॅममधून दुसऱ्यात हल नेणे ही नक्कल नव्हे, ते पुनर्रेखाटन आहे. फक्त ते माणसाऐवजी प्रोग्रॅम करतो, त्यामुळे झालेले कळत नाही. आणि पुनर्रेखाटन म्हटले की तपासणी आली, तपासणीचे निकष आले आणि ‘तपासले’ म्हणून सही करणारा कोणीतरी आला. हे तिन्ही आज बहुतेक ठिकाणी नसतात, आणि नसल्याची खंतही कोणाला वाटत नाही.

यंत्राचा सुटा भाग आणि नौकेचा हल यांत मूलभूत फरक आहे. शाफ्ट किंवा फ्लँज असेल तर व्यास, लांबी, भोकांची जागा सांगितली की वस्तू पुरी सांगून झाली. हलचे तसे नाही. लाइन्स प्लॅनवर काही ठरावीक स्टेशनांचे छेद असतात, काही वॉटरलाइन असतात, सोबत फूट-इंच आणि इंचाचे आठवे भाग यांत लिहिलेला ऑफसेटचा तक्ता असतो. दोन स्टेशनांच्या मध्ये बोटीचा आकार काय, हे त्या तक्त्यात कुठेच लिहिलेले नसते. ते लॉफ्टमधली लाकडी पट्टी ठरवत असे. तक्त्यातले बिंदू जमिनीवर मांडायचे, पट्टी शिशाच्या वजनांनी त्या बिंदूंवर धरून ठेवायची, आणि लाकूड आपल्या लवचीकपणाने जी वाट घेईल ती रेषा मानायची. एखादा बिंदू पट्टीला ओढून धरतो आहे असे दिसले की तिथले वजन उचलायचे आणि पट्टीला थोडे मोकळे सोडायचे. जाड पट्टीने एक रेषा येई, बारीक पट्टीने दुसरी. तक्ता मात्र दोन्हींचा एकच.

संगणकाने ही पट्टी सूत्रात घातली. सित्रोएनमध्ये पॉल द कास्तेल्जो यांनी १९५९ मध्ये आणि रेनोमध्ये पिएर बेझिए यांनी साठच्या दशकात मोटारींच्या पत्र्यांसाठी जे वक्र वापरात आणले, त्यांचीच पुढची पिढी म्हणजे बी-स्प्लाइन आणि आज सर्वत्र चालणारे नर्ब्स. या पद्धतीत पृष्ठभाग थेट साठवलेला नसतो. साठवलेले असतात ते नियंत्रण-बिंदू, प्रत्येक दिशेचा घात, नॉट नावाच्या आकड्यांची रांग आणि प्रत्येक बिंदूचे वजन. बिंदू बहुधा पृष्ठभागावर नसतातच, बाहेर हवेत असतात. घात आणि नॉट हा पट्टीच्या जाडीचा गणिती वारसदार म्हणावा. तेव्हा बिंदू जसेच्या तसे पोचले पण घात बदलला, तर हल बदलतो. पाचव्या घाताचा पृष्ठभाग घेणाऱ्या प्रोग्रॅमला पेलत नसेल, तर तो तिसऱ्या घाताचा दुसरा पृष्ठभाग जवळपास बसवून घेतो आणि बहुतेक वेळा त्याची वाच्यता करत नाही.

त्यात सगळे प्रोग्रॅम नर्ब्सच बोलतात असेही नाही. मॅक्ससर्फ आणि राइनो नर्ब्सवर चालतात. डेल्फ्टशिप आणि त्याचा मोफत भाऊबंद फ्री-शिप उपविभाजन पृष्ठभाग वापरतात, म्हणजे एक ओबडधोबड जाळी पुन्हा पुन्हा विभागत नेऊन गुळगुळीत आकार मिळवतात. १९७८ मध्ये कॅटमल आणि क्लार्क यांनी मांडलेल्या या रीतीत जाळी जिथे नियमित चौकोनी असते तिथे पृष्ठभाग तिसऱ्या घाताच्या बी-स्प्लाइनशी तंतोतंत जुळतो, पण जिथे चारऐवजी तीन किंवा पाच कडा एका बिंदूत येतात, तिथे वक्रता सलग राहत नाही. असे बिंदू नेमके नाळेपाशी आणि ट्रान्समच्या कोपऱ्यात येतात, जिथे आकार सर्वांत नाजूक असतो. सॉलिडवर्क्ससारखे यांत्रिक अभियांत्रिकीचे प्रोग्रॅम याहून वेगळ्या घरातले. त्यांना पृष्ठभागात फार रस नाही, बंदिस्त घनवस्तू हवी असते. आणि त्रिकोणांच्या जाळीवर चालणारे प्रोग्रॅम तर वक्र ही गोष्टच ओळखत नाहीत. त्यांच्या लेखी जगात सपाट तुकडे तेवढे आहेत.

या वेगवेगळ्या घरांमध्ये निरोप नेणारे जे फाइल-प्रकार आहेत त्यांचे वय पाहिले की बरेच उलगडते. आयजीईएस १९८० सालचा, अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेतून निघालेला. त्याची ओळ आजही ८० अक्षरांचीच असते, कारण तो पंचकार्डांच्या जमान्यात जन्मला. डीएक्सएफ १९८२ मध्ये ऑटोकॅडबरोबर आला, मुळात सपाट आरेखनासाठी. एसटीएल १९८७ च्या सुमाराचा, त्रिमितीय छपाईसाठी केलेला, त्यात नुसते त्रिकोण असतात आणि मापे मिलिमीटरमध्ये की इंचात याची नोंदसुद्धा नसते. स्टेप हा आयएसओचा मानक १९९४ पासून टप्प्याटप्प्याने प्रसिद्ध होत गेला आणि आज घन वस्तूंसाठी तोच सर्वांत भरवशाचा आहे. यांपैकी हलसाठी सर्वांत जास्त वापरला जातो तो अजूनही म्हातारा आयजीईएस, आणि त्यात नर्ब्स पृष्ठभागाची नोंद १२८ क्रमांकाच्या घटकात होते. त्या फाइलच्या मथळ्यात युनिट सांगायची जागा आहे. शिवाय किती लहान अंतराच्या आत दोन बिंदू एकच मानावेत, हे पाठवणाऱ्याने सांगायची जागाही आहे. ही दुसरी जागा फार महत्त्वाची, पण ती नीट भरायची की नाही हे पाठवणाऱ्या प्रोग्रॅमवर आणि वाचून पाळायची की नाही हे घेणाऱ्यावर. मथळ्यात नसलेल्या गोष्टींची यादी तर मोठी आहे. हा अर्धा हल असून मध्यरेषेवर आरसा धरायचा आहे, डिझाइनची वॉटरलाइन अमुक उंचीवर आहे, ही धार मुद्दाम ठेवलेली चाइन आहे, ही मात्र दोन तुकड्यांची निव्वळ शिवण आहे, यातले काहीही साध्या आयजीईएसमधून आपोआप जात नाही.

प्रकरण कुठवर जाते हे पाहायला उत्तर आधीच माहीत असलेली बोट घ्यावी. विग्ली या ब्रिटिश संशोधकाच्या नावाने ओळखला जाणारा गणिती हल लाटांच्या अवरोधाच्या अभ्यासात अनेक दशके वापरात आहे. त्याची रुंदी मध्यापासून नाळेकडे आणि पिछाडीकडे एका परवलयाप्रमाणे कमी होते, आणि पाण्याच्या पातळीपासून खाली जाताना दुसऱ्या परवलयाप्रमाणे. तो १० मीटर लांब, १ मीटर रुंद आणि ०.६२५ मीटर खोल घेतला, तर पाण्याखालचे आकारमान लांबी-रुंदी-खोलीच्या गुणाकाराच्या बरोबर चार-नवमांश, म्हणजे २.७७८ घनमीटर येते. पाण्याच्या पातळीवरचे क्षेत्रफळ दोन-तृतीयांश, म्हणजे ६.६६७ चौरस मीटर. उत्प्लावनकेंद्र लांबीच्या बरोबर मध्यावर आणि पातळीखाली ०.२३४ मीटर. यात कुठेही अंदाज नाही, सगळे कागदावर हाताने काढता येते. शिवाय या हलची एक बाजू दुसऱ्या घाताच्या एकाच पृष्ठभागात, अवघ्या नऊ नियंत्रण-बिंदूंनी अचूक मांडता येते. त्या नऊपैकी सात मध्यप्रतलावर असतात. उरलेले दोन मध्यप्रतलापासून १ मीटरवर, म्हणजे जिथे बोटीची अर्धी रुंदी अर्धा मीटर आहे तिथे तिच्या कडेपासून आणखी अर्धा मीटर दूर, हवेत. घेणाऱ्या प्रोग्रॅमने हे बिंदू पृष्ठभागावरचे समजून वाचले, तर १ मीटर रुंदीची बोट २ मीटरची होते. नियंत्रण-बिंदू म्हणजे काय हे समजावायला याहून सोपे उदाहरण मला माहीत नाही.

आता हाच हल त्रिकोणी किंवा चौकोनी जाळीत बदलून पाठवू. लांबीचे १० आणि खोलीचे ५ भाग केले आणि बिंदू सरळ रेषांनी जोडले, तर प्रत्येक रेषा वक्राच्या आतून जाते. परवलयाचे n समान भाग केले की लांबीच्या दिशेने क्षेत्रफळ बरोबर n च्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात कमी भरते, म्हणजे दहा भागांना एक टक्का. खोलीच्या दिशेने पाच भागांमुळे आणखी एक टक्का. एकूण तूट सुमारे दोन टक्के, म्हणजे ५५ लिटर. समुद्राच्या पाण्यात हे साधारण ५७ किलो होतात, एका माणसाचे वजन. पडद्यावर ही जाळी अगदी व्यवस्थित बोटीसारखी दिसते, कारण पडदा छटा मिसळून कोपरे लपवतो. भाग दुप्पट केले की तूट चौथाईवर येते, हे खरे. पण किती भाग पुरतील हे ठरवायला आधी आकडा काढावा लागतो, आणि नेमका तोच काढला जात नाही. युनिटच्या चुकीचे उलटे आहे. मिलिमीटरची फाइल इंच समजून उघडली तर १० मीटरची बोट २५४ मीटरची होते आणि शिकाऊ मुलालाही ते कळते. हस्तांतराच्या चर्चेत युनिटच्या चुकीचा गवगवा सर्वांत जास्त होतो आणि नुकसान तिच्याने सर्वांत कमी होते. घात होतो तो दोन टक्क्यांच्या चुकांनी.

त्याहून अवघड गोष्ट म्हणजे आकडे जुळूनही आकार बिघडतो. समजा, घेणाऱ्या प्रोग्रॅमने पृष्ठभाग नव्याने बसवला आणि तो मूळच्यापासून कुठेही ०.१ मिलिमीटरहून जास्त सरकला नाही. यार्डाच्या दृष्टीने ही चूक नव्हेच, रंगाचा थर याहून जाड असतो. पण ही ०.१ मिलिमीटरची सरक जर १०० मिलिमीटर अंतराने खालीवर होणारी लाट असेल, तर तिच्यामुळे वक्रतेत येणारा फरक मीटरमागे सुमारे ०.३९ इतका होतो. ५ मीटर त्रिज्येच्या वळणाची स्वतःची वक्रता मीटरमागे फक्त ०.२. म्हणजे जो भाग सलग बाहेर फुगलेला असायला हवा, तो दर १०० मिलिमीटरला एकदा आत जातो आणि पुन्हा बाहेर येतो. चकचकीत जेलकोट लावलेल्या बाजूवर धक्क्याच्या दिव्यांचे प्रतिबिंब पडले की ही लाट उघडी पडते, आणि मग दोष मोल्ड करणाऱ्याच्या माथी येतो. डोळा जागेतला फरक पाहत नाही, उताराच्या बदलातला फरक पाहतो. म्हणून टॉलरन्सच्या आत आहे एवढ्यावर हल स्वीकारणे म्हणजे गायकाचा सूर फक्त आवाजाच्या पट्टीवरून मोजणे आहे. वक्रतेचे कंगवे आणि झेब्रा पट्टे दाखवायची सोय बहुतेक पृष्ठभाग-प्रोग्रॅममध्ये असते. ती पाठवण्यापूर्वी आणि मिळाल्यावर अशी दोन्हीकडे लावून चित्रे शेजारी ठेवली पाहिजेत.

प्लायवूड, ॲल्युमिनियम आणि पोलादाच्या बोटींत या बसवण्याचा आणखी एक बळी जातो. सपाट तक्ता न ताणता वाकवून जो आकार येतो, त्याच्या प्रत्येक बिंदूवर एका दिशेची वक्रता शून्य असावी लागते. डिझायनरने हा नियम पाळून पृष्ठभाग केलेला असतो. नव्याने बसवलेल्या पृष्ठभागाला त्या नियमाची काहीच कल्पना नसते. तो अगदी जवळून जातो, पण दोन्ही दिशांना किंचित वळतो. मग उलगडलेल्या तक्त्याची बाह्यरेषा प्रोग्रॅम देतो खरी, पण कापलेला तक्ता नाळेकडे नेताना फ्रेमवर बसत नाही, क्लॅम्पने ओढून आणावा लागतो आणि वेल्डिंगनंतर फुगतो.

बाकीच्या व्याधी थोडक्यात सांगतो, कारण त्या लवकर कळतात. अर्ध्या हलच्या मध्यरेषेवरचा एखादा बिंदू शून्याऐवजी ०.००१ वर असला की आरशातली बाजू मूळ बाजूला छेदते किंवा तिच्यापासून फट ठेवते. दोन शेजारी तुकड्यांच्या कडा पाठवणाऱ्याच्या टॉलरन्सप्रमाणे जुळलेल्या असतात, घेणाऱ्याच्या टॉलरन्सप्रमाणे नसतात. राइनोत हा आकडा प्रत्येक फाइलपुरता वापरणारा ठरवतो, तर सॉलिडवर्क्सच्या पोटातल्या पॅरासॉलिडची मूळ अचूकता मीटरच्या दहा कोटीव्या भागाइतकी कडक आहे. एकीकडे शिवलेला हल दुसरीकडे उसवलेला का निघतो याचे कारण बहुतेकदा इथे सापडते. एक प्रोग्रॅम उंची तिसऱ्या अक्षावर मोजतो, दुसरा दुसऱ्या. कोणी मूळबिंदू पिछाडीच्या लंबावर धरतो, कोणी बोटीच्या मध्यावर. पृष्ठभागाची बाहेरची बाजू आत वळली की आकारमान ऋण येते. आणि एक प्रश्न मात्र कोणताही प्रोग्रॅम विचारत नाही: हा पृष्ठभाग पत्र्याच्या आतला की बाहेरचा? पोलादी जहाजात रेषा रिवाजाने पत्र्याच्या आतल्या बाजूच्या धरतात, साच्यातून काढलेल्या फायबरग्लासच्या बोटीत बाहेरच्या. वर घेतलेल्या विग्ली हलचे भिजणारे क्षेत्रफळ सुमारे १४.९ चौरस मीटर आहे. ६ मिलिमीटर पत्रा आत की बाहेर याचा घोळ झाला तर जवळजवळ ९० लिटरचा फरक पडतो, आणि तो गणिती चुकीमुळे नव्हे, फक्त कोणी विचारले नाही म्हणून.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो: सगळ्यांनी एकच प्रोग्रॅम वापरावा, म्हणजे भाषांतराचा प्रश्नच उरणार नाही. मोठ्या कंपन्यांनी हे करून पाहिले आहे. एअरबसच्या ए३८० विमानाच्या वेळी एकाच निर्मात्याचे कॅटिया सर्वत्र होते, फक्त जर्मनी आणि स्पेनमध्ये चौथी आवृत्ती आणि फ्रान्स व ब्रिटनमध्ये पाचवी. हॅम्बुर्गच्या भागांतल्या वायरी तुलूझला जोडणीच्या वेळी लांबीला कमी पडल्या, आणि २००६ मध्ये विमानांच्या सुपुर्दीचे वेळापत्रक कोलमडले. तिथे प्रश्न पृष्ठभागांचा नव्हता, पण नाव एक असले म्हणजे भाषा एक असतेच असे नाही, हे त्यातून पुरते दिसते. आणि बोटींच्या धंद्यात एकच प्रोग्रॅम हे शक्यही नाही. हल एकाकडे, स्थैर्याची गणिते दुसऱ्याकडे, आतली रचना तिसऱ्याकडे, प्रवाहाचे विश्लेषण चौथ्याकडे आणि साचा कापणारे सीएनसी यंत्र पाचव्याच भाषेत, ही साधी वाटणी आहे. प्रत्येक काम ज्या प्रोग्रॅमला चांगले येते त्यात करावे, यात चूक काहीच नाही. चूक आहे ती मधल्या सांध्यांना कामच न मानण्यात.

दुसरा आक्षेप जाणकारांचा असतो, आणि तो जास्त वजनाचा आहे. ते म्हणतात, आयजीईएसची रड पुरे, स्टेप आहे ना. स्टेपमध्ये युनिट नोंदलेले असते, अचूकता नोंदलेली असते, घन वस्तू अखंड जाते. सगळे खरे. त्याच्या कुटुंबात तर जहाजाच्या आकारासाठी २१६ क्रमांकाचा स्वतंत्र भागही आहे, ज्यात हल, वॉटरलाइन, स्टेशन हे शब्द प्रोग्रॅमला अर्थासकट कळावेत अशी सोय आहे. अडचण अशी की छोट्या बोटींसाठी वापरल्या जाणाऱ्या प्रोग्रॅममध्ये तो भाग सहसा सापडत नाही, तिथे ‘स्टेप’ म्हणजे यांत्रिक भागांचे सर्वसाधारण रूपच असते. आणि कोणताही मानक पाठवणाऱ्याच्या पृष्ठभागाचा घात घेणाऱ्याला पेलायला लावू शकत नाही, किंवा उपविभाजन पृष्ठभागाला नर्ब्स करताना वक्रतेची खोट भरून काढू शकत नाही. मानकाने व्याकरण सुधारते, दोन बाजूंचा शब्दसंग्रह वेगळाच राहतो. १९९९ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय मानके आणि तंत्रज्ञान संस्थेसाठी झालेल्या पाहणीत तिथल्या मोटार उद्योगाच्या पुरवठा साखळीत अशा न जुळणाऱ्या फाइलींपायी वर्षाला किमान सुमारे १ अब्ज डॉलर वाया जातात असा अंदाज निघाला, आणि त्यातला मोठा वाटा फाइली दुरुस्त करण्याचा किंवा पुन्हा भरण्याचा होता. तेव्हा आयजीईएस जुना झालेला होता आणि स्टेप आलेला होता.

तिसरा आक्षेप यार्डाच्या अंगणातून येतो, आणि मला तो सर्वांत प्रामाणिक वाटतो. मिस्त्री म्हणतात, शेवटी प्लगवर पुट्टी मारून, लांब फळीला सँडपेपर लावून आम्हीच तो आकार सुरेख करतो, मग पडद्यावरच्या दशांश मिलिमीटरचे कौतुक कशाला? कोकणात हजारो होड्या कोणत्याही नकाशाशिवाय, नजरेने आणि जुन्या फर्म्यांनी बांधल्या गेल्या आणि त्या उत्तम चालतात. हे नाकारण्यात अर्थ नाही. एकाच माणसाच्या डोक्यात आकार असेल आणि तोच तो बांधणार असेल तर हस्तांतर घडतच नाही, आणि जे घडत नाही ते बिघडतही नाही. पण रेखाटन एका जागी आणि बांधणी दुसऱ्या जागी झाली की हा आधार सुटतो. नौदलाची ‘म्हादेई’ मांडवीतल्या दिवाडी बेटावरच्या यार्डात बांधली गेली, तिचा आराखडा मात्र व्हान डे स्टाट या डच कार्यालयाचा, ‘टोंगा ५६’. २००९ मध्ये ती नौदलात आली आणि त्याच वर्षी दिलीप दोंदे तिच्यातून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणेला निघाले. अशा नौकेत मिस्त्रीच्या हाताची किंमत कमी होत नाही. उलट त्या हाताने केलेला प्रत्येक बदल कुठेतरी लिहावा लागतो. सँडपेपरने आकार सुधारला पण स्थैर्याची पुस्तिका जुन्या फाइलवरून छापली, तर कागदावरची बोट आणि पाण्यातली बोट वेगळ्या होतात, आणि वर्गीकरण संस्थेकडे मंजुरीला जाते ती कागदावरची. शिवाय लांब फळीचा डाव एका प्लगपुरताच. फ्रेम सीएनसीवर कापून आल्या असतील तर चूक प्रत्येक फ्रेममध्ये आधीच कापलेली असते, आणि पुट्टी चूक बुजवते, फ्रेमला तिच्या जागी नेत नाही.

यातून निघणारी मागणी फार मोठी नाही. फाइलीबरोबर एक पान असावे. त्यावर पृष्ठभाग आत की बाहेरचा, अर्धा की पूर्ण, मूळबिंदू कुठे, अक्ष कोणते, युनिट आणि टॉलरन्स काय, मुद्दाम ठेवलेल्या धारा कोणत्या हे लिहिलेले असावे. त्याखाली ठरावीक पाणरेषेवरचे आकारमान, पातळीचे क्षेत्रफळ, उत्प्लावनकेंद्र आणि चार-पाच स्टेशनांच्या छेदांची मापे, पाठवणाऱ्याच्या प्रोग्रॅममधून काढलेली. घेणाऱ्याने तीच सगळी आपल्या प्रोग्रॅममधून काढून शेजारच्या रकान्यात भरावीत, वक्रतेची चित्रे जोडावीत आणि दोघांनी सही करावी. हे काम अर्ध्या दिवसाचे आहे. फरक किती चालेल हा आकडा मी इथे देत नाही. मासेमारीच्या होडीला जो चालतो तो शर्यतीच्या बोटीला चालणार नाही, आणि ठरवायचा तो फाइल पाठवण्यापूर्वी, करारात, फाइल हाती आल्यानंतर नव्हे.

पुढची मांडणी अशी आहे. आधी विग्लीचा हल चार प्रोग्रॅममधून फिरवून प्रत्येक ठिकाणी काय हरवते ते मोजले आहे, कारण मूळ उत्तर माहीत असले म्हणजे वाद घालायला जागा राहत नाही. त्यानंतर चाइन असलेली प्लायवूडची होडी आणि गोल बिल्जची फायबरग्लास बोट. शेवटच्या भागात उलटा प्रश्न घेतला आहे: पाठवणारा प्रोग्रॅमच नसेल तेव्हा काय करायचे? जुन्या लाइन्स प्लॅनवरून, यार्डात उभ्या असलेल्या लाकडी होडीच्या लेझर मापांवरून, किंवा अजिंठ्याच्या चित्रावरून उभ्या राहिलेल्या ‘कौंडिण्य’सारख्या शिवणीच्या नौकेत, जिथे मूळ पृष्ठभाग कधी नव्हताच. तिथे जुळवून पाहायला डाव्या रकान्यात आकडेच नसतात, आणि ते आधी कसे निर्माण करायचे यावर त्या प्रकरणातला निम्मा मजकूर खर्च झाला आहे.